सोन्या-चांदीची नाणी : छंद, बचत आणि हिशेब

परभणी, पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या भागातील जुन्या घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा पितळी डब्यात आजीच्या हातचे दहा-वीस चांदीचे रुपये आजही सापडतात. लग्न निघाले, आजारपण आले किंवा पेरणीला पैसा कमी पडला की ती पुरचुंडी सराफाच्या काट्यावर जाते. काटा जे सांगेल ते घेऊन माणूस घरी येतो आणि नाणी आटवली जातात. दुसरीकडे काही तरुण मोबाइलवरील जाहिराती पाहून 'एका जुन्या नाण्याचे दहा लाख' या आशेने नको ते विकत घेऊन बसतात. एक जण हजाराचे शंभरात देतो, दुसरा शंभराचे हजारात घेतो. दोघांच्या नुकसानीचे कारण मात्र एकच आहे. नाण्याची किंमत कशाकशाने बनते, हे दोघांनाही ठाऊक नसते.

नाणेसंग्रह हा श्रीमंतांचाच छंद आहे, असा समज आहे. आमच्या मते तो बरोबर नाही. ज्या घरात दोन हाली रुपये आहेत, त्या घरात संग्रहाची सुरुवात झालेलीच आहे. प्रश्न तो संग्रह समजून घेण्याचा आणि त्याचा हिशेब ठेवण्याचा आहे. व्यवहाराच्या आणि शरीअतच्या दोन्ही अंगांनी हा विषय येथे आम्ही क्रमाने मांडत आहोत.

हाली आणि कलदार

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे सध्याचा, चालू. इंग्रजी अमलाखालील भारताचा रुपया तो 'कलदार'. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. पुढे हाली रुपयाही यंत्रावरच पडू लागला, पण नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले. संस्थानातला व्यवहार हालीत आणि मुंबईकडचा व्यापार कलदारात, म्हणून कापसाच्या या मुलखातील घरांत दोन्ही प्रकारचे रुपये सापडतात.

दोघांचा दर ठरलेला होता. ७ हाली म्हणजे ६ कलदार. हा दर कोठून आला, हे समजून घेतले तर नाण्यांचा निम्मा धडा तेथेच संपतो. हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी बारापैकी अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. आता ७ हालींतील चांदी करून पाहा. ती ६४ ग्रॅम भरते. ६ कलदारांतील चांदी भरते सुमारे ६४.१५ ग्रॅम. दर आणि तोल एकमेकांशी जुळतात. नाण्यावर राजा कोणाचा आहे यापेक्षा त्यात धातू किती आहे, हेच बाजार पाहत होता.

हैदराबादच्या रुपयाची छपाई १९५० नंतर बंद झाली आणि १९५९ मध्ये हे चलन कायद्याने रद्द झाले. कागदी हाली नोट त्या दिवसापासून बाजारात निरुपयोगी ठरली. चांदीच्या हाली रुपयाचे चलन गेले, पण चांदी गेली नाही.

नाणे कसे वाचावे

उर्दू वाचणाऱ्या आपल्या घरांना येथे मोठा फायदा आहे. इतरांना जे पुस्तकातून शिकावे लागते, ते आपली मुले थोड्या सरावाने सरळ वाचू शकतात.

चारमिनारचे चित्र असलेला चांदीचा रुपया सुमारे १९०३ पासून पडू लागला. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. 'मीम' असेल तर ते नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातील, आणि 'ऐन' असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातील. सातवे निजाम ऑगस्ट १९११ मध्ये गादीवर आले. मीमची वर्षे थोडी आणि ऐनची बरीच, त्यामुळे आपल्या डब्यात बहुधा ऐनचेच रुपये निघतात. मीम निघाला तर तो वेगळा ठेवावा.

चित्राभोवती निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादुर हा किताब आणि '९२' हा आकडा असतो. अनेक जण तो सनाचा आकडा समजतात. तो सन नाही. अबजद हिशेबाने 'मुहम्मद' या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते, म्हणजे मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४० आणि दाल ४. सन वेगळा, चार आकडी आणि हिजरी असतो. दुसऱ्या बाजूला मध्ये 'यक रुपया', सभोवती 'जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद', म्हणजे हैदराबादच्या टांकसाळीत पाडलेले, अशी अक्षरे आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष, म्हणजे सन-ए-जुलूस, असते.

हिजरी सनाचे इसवी सन काढण्याची सोपी रीत अशी. हिजरी वर्षातून त्याचे तीन टक्के वजा करावेत आणि ६२२ मिळवावेत. १३३० मधून सुमारे ४० गेले, उरले १२९०. त्यात ६२२ मिळवले की १९१२. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. जुन्या शेतीच्या कागदांवर फसली सन असतो. तो हिशेब नाण्याला लावू नये.

याहून जुने, हाताने ठोकलेले, कडा वेड्यावाकड्या असलेले रुपये सापडले तर अधिक जपावे. १८५८ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या मोगल बादशाहाचे नाव घालत. अशा नाण्यावर कोणत्या बादशाहाचे नाव आहे, टांकसाळ कोणती आहे, हे जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय ते विकू नये. मोगलांच्या दख्खनमधील टांकसाळींत औरंगाबादही होते आणि तेथील नाण्यांवर त्याचे 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव असे. म्हणजे मराठवाड्यातील माणसाला बाहेर कोठे न जाता आपल्याच मुलखाचा इतिहास हातात धरता येतो.

नाण्याच्या तीन किमती

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक नाण्यात तीन किमती असतात. पहिली धातूची, दुसरी घडणावळीची, तिसरी दुर्मिळतेची. व्यवहार करताना कोणत्या किमतीचे पैसे आपण देत किंवा घेत आहोत, हे प्रत्येक वेळी वेगळे करून पाहावे.

धातूची किंमत कोणालाही काढता येते. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. खरा भाव त्या दिवशीचा घ्यावा.

हाली रुपया : ९.१४ ग्रॅम चांदी, ९१४ रुपये.

१९३९ पर्यंतचा कलदार : १०.६९ ग्रॅम, १,०६९ रुपये.

१९४० ते १९४५ चा कलदार : महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली गेली, म्हणून ५.८३ ग्रॅम, ५८३ रुपये.

१९४७ चा रुपया : हा निकेलचा आहे. चांदी अजिबात नाही.

१९६९ चे गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे : वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम, १,२०० रुपये.

महायुद्धाच्या काळातील हाली रुपयांची टंच मात्र वेगळी काढून घ्यावी. त्यांना वरचा हिशेब डोळे मिटून लावू नये.

सराफाकडे जाण्यापूर्वी ही आकडेमोड चिठ्ठीवर करून न्यावी. जुन्या दागिन्याचा कस अनिश्चित असतो, म्हणून सराफ घट धरतो. टांकसाळीच्या नाण्याचा कस ठरलेला आणि नोंदलेला आहे. 'जुनी चांदी आहे, तिसरा हिस्सा घट जाईल' असे कोणी म्हणाले तर त्याच्यासमोर टंच काढण्याचा आग्रह धरावा किंवा दुसरे दुकान पाहावे.

घडणावळ ही मुख्यतः नव्या नाण्यांची बाब आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

तिसरी किंमत दुर्मिळतेची. नाणे जुने आहे म्हणजे ते दुर्मिळ आहे, असे मुळीच नाही. ते किती शिल्लक आहेत, किती चांगल्या स्थितीत आहेत आणि ते हवे असणारे किती जण आहेत, या तीन गोष्टींवर ही किंमत ठरते. आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण १९११ च्या कलदाराचे आहे. पाचव्या जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक हत्ती होता. त्याची सोंड आखूड दिसत असल्याने तो डुकरासारखा वाटे. मुसलमानांत त्यावरून नाराजी उठली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती, पण बाहेर आली ती सुमारे ७ लाखच. बाकीची परत आटवली गेली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. म्हणून १९११ च्या रुपयाला १९१२ च्या रुपयापेक्षा संग्राहक पुष्कळ जास्त मोजतात, जरी दोघांत चांदी अगदी सारखीच आहे. सराफाच्या काट्यावर हा फरक दिसत नाही. घरातील प्रत्येक नाण्याचा सन वाचूनच ते विकावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

सोन्याच्या नाण्यांनाही हाच नियम लागू आहे. निजामाची अशरफी ११.१७८ ग्रॅमची, सुमारे ९१ टक्के सोन्याची. तिचे अर्धा, पाव आणि आठवा असे भागही पाडले जात. इंग्रजी गिनी ७.९८८ ग्रॅमची, बावीस कॅरेटची. तिच्यात शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. १९१८ मध्ये मुंबईतही गिन्या पाडल्या गेल्या आणि त्यांवर टांकसाळीची खूण म्हणून इंग्रजी 'आय' हे अक्षर आहे. आपल्याकडे गिन्या आणि पुतळ्या कडी जोडून गळ्यात घालण्याची रीत होती. कडी जोडलेल्या नाण्याची संग्रहातील किंमत बरीच उतरते, सोन्याची मात्र कायम राहते. म्हणून बिनकडीची गिनी घरात असेल तर तिला आता नव्याने कडी जोडू नये.

घरच्या घरी पारख

शंभरावा भाग दाखवणारा छोटा विजेवरचा काटा आज स्वस्त मिळतो. नाण्यांचा छंद ज्याला करायचा आहे, त्याने पहिली खरेदी नाण्याची न करता या काट्याची करावी.

प्रथम वजन पाहावे. वापराने झिजलेले नाणे थोडे कमी भरेल, जास्त भरणार नाही. मग लोहचुंबक लावून पाहावे. सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही. पण न चिकटणे हा खरेपणाचा पुरावा नाही, कारण पितळ आणि शिसेही चिकटत नाही. नंतर काठ पाहावा. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या काठावर जोड दिसतो, अक्षरे बोथट असतात आणि अंगावर बारीक छिद्रे असतात.

सर्वांत उपयोगी पारख पाण्याची आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून वाटीत पूर्ण बुडवावे, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. काटा आता जो आकडा दाखवील, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. हाली रुपया कोरडा ११.१८ भरला आणि पाण्यात काट्याने १.१० दाखवले, तर भागाकार येतो १०.१६. हाली चांदीचा हा आकडा योग्य आहे. जुना कलदार १०.३ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचे बनावट नाणे ८.६ च्या आसपास येते. त्यात चांदीचा अंशही नसतो, नाव मात्र चांदीचे. शुद्ध सोन्याचा आकडा १९.३ आणि गिनीच्या सोन्याचा सुमारे १७.७. शंका उरल्यास सराफ्यात मशीनवर टंच काढून घ्यावी.

आणि एक कळकळीची सूचना. जुने नाणे घासू नये. चिंच, राख, रांगोळी, दातांची पेस्ट यांनी ते चकाकते, पण वरचा थर निघून जातो आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत त्याच क्षणी पडते. काळसर झालेली चांदी तशीच राहू द्यावी. प्रत्येक नाणे वेगळ्या कोऱ्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावे. रबरबँड लावू नये. त्यातील गंधकाने चांदी काळी पडते.

नवी नाणी, बचत म्हणून

बचतीसाठी नवे नाणे घेणे आणि छंदासाठी जुने नाणे घेणे, ही दोन वेगळी कामे आहेत. बचतीच्या नाण्यात फक्त धातू विकत घ्यावा. घडणावळ जितकी कमी तितके बरे. एकाच वजनाचे सोने लहान लहान नाण्यांत घेतले तर दर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. शिवाय १ जुलै २०१७ पासून सोन्या-चांदीच्या नाण्यांवर ३ टक्के जीएसटी आहे. विकताना घडणावळ आणि जीएसटी दोन्ही परत मिळत नाहीत. म्हणजे आज घेतलेले नाणे उद्याच विकले तर तोटा ठरलेला आहे. भाव तेवढा वर गेल्यावरच आपण बरोबरीला येतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्राचे चिन्ह असलेले, चोवीस कॅरेटचे, हॉलमार्क असलेले भारतीय सुवर्ण नाणे ५ आणि १० ग्रॅममध्ये आणले. कोठूनही नाणे घ्या, त्यावर वजन, कस आणि पाडणाऱ्या कारखान्याची खूण आहे का ते पाहावे, पावती घ्यावी आणि सीलबंद पाकीट फोडू नये. बँकेकडून घेतलेले नाणे बँक परत विकत घेत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे. चांदीच्या नाण्यांवर बहुधा देवदेवतांची चित्रे असतात. साधे, केवळ वजन व कस लिहिलेले नाणे मागितल्यास मिळते.

सोने-चांदी नेहमी वरच जाते, ही समजूत धोक्याची आहे. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या खाली आली. त्याच महिन्यात ८५० डॉलरला पोहोचलेले सोने पुढे १९९९ मध्ये २५२ डॉलरच्या आसपास होते. ८५० चा आकडा पुन्हा दिसायला २००८ उजाडले. रुपयाची घसरण झाल्याने आपल्याकडे हा फटका तेवढा जाणवला नाही, पण धडा तोच आहे. कर्ज काढून, बियाण्याचा पैसा अडकवून किंवा चढत्या भावाच्या घाईत नाणी घेऊ नयेत. वर्षाकाठी जे उरेल त्यातून थोडे थोडे घ्यावे.

देवघेवीचा नियम

सोन्या-चांदीच्या व्यवहाराबाबत शरीअतचे नियम इतर मालापेक्षा कडक आहेत. हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की सोन्याच्या बदल्यात सोने आणि चांदीच्या बदल्यात चांदी द्यायची झाल्यास ती समसमान आणि हातोहात असावी. प्रकार बदलला, म्हणजे सोन्याच्या बदल्यात चांदी झाली, तर भाव हवा तो ठरवावा, पण व्यवहार हातोहातच व्हावा.

नाण्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय? जुनी गिनी देऊन तिच्याहून कमी-जास्त वजनाचे सोन्याचे नवे नाणे घेणे टाळावे. दोन झिजलेले हाली देऊन एक दुर्मिळ हाली घेणेही टाळावे. दुर्मिळतेसाठी जास्त चांदी देण्याने समसमानतेचा नियम मोडतो. मार्ग सोपा आहे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच तो दाखवला आहे. हलक्या खजुरांचे दोन माप देऊन चांगल्या खजुरांचे एक माप घेतले गेले, तेव्हा त्यांनी ते नापसंत केले आणि हलका माल विकून त्या पैशाने चांगला घ्यावा असे शिकवले. आपणही जुने नाणे रुपयांत विकावे, पैसे हातात घ्यावेत आणि मग दुसरे नाणे विकत घ्यावे. येथे दुर्मिळतेची किंमत देण्यास अडचण राहत नाही.

दुसरी गोष्ट पुतळ्यांच्या हाराची. खैबरच्या वेळी हजरत फजाला बिन उबैद (रजि.) यांनी १२ दीनारांना सोन्याचा व मण्यांचा हार घेतला. सोने वेगळे करून पाहिले तर ते १२ दीनारांहून जास्त निघाले. तेव्हा वेगळे केल्याशिवाय तो विकू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. आज दुकानात हार बदलताना लाख, दोरा, मणी आणि सोने एकत्र तोलले जाते. वेगळे तोलण्याचा हा नियम ग्राहकाचेच नुकसान टाळणारा आहे.

नोटांनी सोने घेताना उधारी चालते का, यावर आलिमांत मतभेद आहेत. आजच्या आलिमांपैकी बहुतेकांचे मत तेथेही हातोहात व्यवहार असावा असेच आहे. म्हणून भाव आज बांधून नाणे महिन्यांनी देणाऱ्या योजनांत पैसे भरण्यापूर्वी आपल्या आलिमाला विचारून घ्यावे.

जकात, वारसा आणि मेहर

छंदासाठी ठेवलेली नाणी म्हणून जकातीतून सुटका नाही. सोन्या-चांदीवर जकात ती कोणत्याही रूपात असली तरी आहे. आपल्याकडील उलेमांच्या हिशेबाने निसाब सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. अरब देशांत ८५ आणि ५९५ ग्रॅम सांगतात, कारण ते दीनार ४.२५ ग्रॅमचा व दिरहम २.९७५ ग्रॅमचा धरतात. मूळ निसाब २० दीनार व २०० दिरहम हाच आहे.

निसाब नाण्यांत मोजून पाहू. केवळ शुद्ध चांदी धरली तर ६७ हाली किंवा ५८ कलदार झाल्यावर चांदीचा निसाब पुरा होतो. हनफी फिकहनुसार ज्या नाण्यात चांदीचा भाग जास्त, ते सगळेच चांदी समजले जाते. त्या हिशेबाने ५५ हाली किंवा ५३ कलदार पुरतात. सावधगिरी दुसऱ्या हिशेबातच आहे. याशिवाय घरातील सोने, रोकड आणि व्यापाराचा माल यांच्यासह एकत्र हिशेब होतो, हे विसरू नये. नाणी विकण्यासाठीच घेतली असतील तर तो व्यापाराचा माल झाला. त्यावर धातूचा भाव न धरता बाजारातील विक्रीची किंमत धरून अडीच टक्के काढावे लागतात. दिव्य कुरआनने सोने-चांदी साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना कडक इशारा दिला आहे. ज्याची जकात निघाली तो साठा या इशाऱ्यात येत नाही, असे सहाबांकडून आले आहे. संग्राहकाने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आजीची नाणी ज्या भावाच्या ताब्यात पेटी, त्याची होत नाहीत. ती मीरास आहे. बहिणींचा हिस्सा त्यात ठरलेला आहे. 'जुनी नाणीच तर आहेत' म्हणून तो बाजूला टाकता येत नाही. वाटणीपूर्वी सर्वांसमोर यादी करावी, धातूची आणि दुर्मिळतेची किंमत जाणकाराकडून ठरवून घ्यावी, मग वाटावी.

मेहरच्या बाबतीतही नाण्यांचा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी रुपयांत बांधलेली मेहरची रक्कम आज हाती आली तर तिचे काय मोल उरते, हे घरोघरी ठाऊक आहे. मेहर वजन आणि कस लिहून सोन्या-चांदीत बांधली तर स्त्रीचा हक्क रुपयाबरोबर झिजत नाही. मेहर-ए-फातिमी ५०० दिरहम, म्हणजे सुमारे १,५३१ ग्रॅम चांदी. ती नाण्यांच्या रूपात निकाहच्या वेळीच देता येते.

कायद्याची बाजू

शेत नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना नाण्यांचे मडके निघाले तर ते परस्पर विकू नये. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौकशीत मूळ मालक निघाला नाही आणि सरकारने ते घेतले नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागेच्या मालकाला एक चतुर्थांश मिळतो, त्यांच्यात वेगळा करार नसल्यास. सरकारने ते घेतले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेते. म्हणजे कळवण्यात माणसाचे नुकसान नाही.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता किंवा नेता येत नाही. आखातात जाणाऱ्यांनी भेट म्हणून जुनी नाणी बरोबर नेऊ नयेत.

विक्रीतून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर आहे. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या सोन्या-चांदीच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. वारशाने आलेल्या नाण्यांना आधीच्या मालकाचा काळही धरला जातो आणि ती २००१ पूर्वीची असल्यास १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये.

फसवणुकीचे प्रकार

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते की काही लोक बँकेचे नाव व चिन्ह वापरून जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारात फी, कमिशन किंवा कर मागतात. बँक अशा व्यवहारात पडत नाही. आपले नाणे विकत घेणारा आपल्याकडेच आधी पैसे मागतो, तेव्हा तो घेणारा नसतो. एवढी एक खूण पुरेशी आहे.

'तांदूळ ओढणारे नाणे' हा दुसरा फास. असे कोणतेही नाणे नसते. तिसरा प्रकार श्रद्धेच्या आडून येतो. मक्का-मदिनेचे चित्र आणि कलमा असलेले, जुना हिजरी सन घातलेले पितळी किंवा मुलाम्याचे तुकडे शेकडो वर्षांपूर्वीचे म्हणून विकले जातात. देवदेवतांची चित्रे आणि १८१८ हा सन असलेले कंपनीचे तुकडेही त्याच जातीचे. ती कधीही चलनातील नाणी नव्हती.

सुरुवात कशी करावी

घरातील डबा उघडावा. एक वही करून प्रत्येक नाण्याचा सन, वजन, अक्षर, स्थिती आणि ते कोणाकडून आले हे लिहावे. पहिले वर्षभर काही विकत घेऊ नये, फक्त ओळखायला शिकावे. हैदराबादला जाणे झाले तर सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२ मध्ये उघडलेले संग्रहालय पाहावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. नंतर एक विषय धरावा. केवळ उस्मान अली खान यांच्या चांदीच्या नाण्यांचे सन जमवणे, हाही एका आयुष्याला पुरेल असा आणि मध्यम घराला झेपणारा छंद आहे.

गरज पडली तर नाणी विकण्यात काहीच कमीपणा नाही. धन गरजेसाठीच असते. पण सन वाचून, तोल करून, तिन्ही किमती वेगळ्या मांडून विकावे. जकात काढून, हिस्से देऊन जे उरेल ते जपावे. अशा धनात इन्शाअल्लाह बरकतच राहील.